‘मदर’च्या जागी ‘पंचफुला’ वाचा

दरवर्षी श्रावण उतरायला लागला की आमच्या गावातल्या पंधरा-वीस माया, म्हणजे आया, एकदम सीरियस होत. मरत मात्र एकही नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या दोन काठांवरून इकडचे तिकडच्यांना आणि तिकडचे इकडच्यांना खरेखुरे गोटे मारतात. तेव्हा याच माया पदर खोचून काठावर उभ्या असत आणि "हान बे! डोस्क्याले नको, पायाले हान!" असं ओरडून शेजारच्याचे कान किटवत. आठ दिवसांपूर्वी यांची शुद्ध हरपली होती, हे सांगून कोणाला पटलं नसतं.

त्यांना सीरियस करायचं काम तुळशीराम सोमकुवर यांच्याकडे होतं. ते आमच्या गावच्या पोस्टात तारबाबू आहेत आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मी त्यांना काकाजी म्हणते. आमचं गाव सौंसर-पांढुर्णा रस्त्यावर आहे, पण नाव लिहीत नाही. हे सगळं लिहू का म्हणून विचारलं तेव्हा काकाजी म्हणाले, "लिह्य. पन गावाचं नाव नको टाकजो. माह्यी पेन्शन बाकी हाये."

खोट्या तारेचं कारण साधं होतं. गावातली पोरं बाहेर नोकरीला. कोणी परासियाकडे कोळशाच्या खाणीत, कोणी इटारसीला, कोणी रायपूरच्या पुढच्या कारखान्यांत. गोटमारीला गावात नसणं म्हणजे मेल्यात जमा, पण असल्या सणाला कोणता साहेब सुट्टी देणार? साहेब फक्त तार पाहून सुट्टी देतो. म्हणून पोळ्याच्या आठवडाभर आधी खिडकीपाशी असं बोलणं चालायचं. मी ते इतक्या वेळा ऐकलंय, की दोन्ही आवाज एकटी काढते.

"बाबूजी, माय सीरियस हाये."

"कोनाची, पुंडलिकराव?"

"कोनाची म्हन्जे? पोट्ट्याची. म्हन्जे माह्यी बायको."

"कुठं हाये थे?"

"थे काय, ढेपीच्या दुकानात भांडून राह्यली."

काकाजी मान वर न करता फॉर्मवर लिहीत, ‘मदर सीरियस कम सून’.

आतल्या खोलीत पोस्टमास्तर भगवंतराव बसायचे. ते मुलताईकडचे, नाकात बोलणारे, नियमाचे, आणि मनानं लोण्यासारखे. त्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नव्हतं. दिवसाकाठी चार-चार आया गंभीर झालेल्या पाहून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "सोमकुवर, अहो गावात साथ आहे का हो काही? फक्त आयांनाच कशी होते?" एका वर्षी तर आरोग्य खात्याला कळवतो म्हणून त्यांनी कोरा कागदही काढला होता. काकाजींनी तो कसातरी फाइलीखाली सरकवला.

आता तारेविषयी थोडं. लोकांना वाटतं, बाबू म्हणजे दिलेला मजकूर कट्टकट्ट करून पुढे पाठवणारा माणूस. खरं तर त्याचं अर्धं काम मजकुराचं नसतंच. आमच्या गावची तार आधी मोठ्या ऑफिसात जायची आणि तिथून पुढे. त्या मोठ्या ऑफिसशी काकाजींचं दिवसभर बारीक बारीक बोलणं चाले. आहेस का? थांब. पुन्हा म्हण. माझ्यासाठी काही आहे? नंबर पाच कुठं पोचली? नंबर सहा रद्द कर. नंबर सातमध्ये अमुक शब्दाच्या जागी तमुक वाच. एकेक हुकूम दोन-तीन ठोक्यांचा. हे बोलणं कुठल्या फॉर्मवर येत नाही की कोणाच्या दारात जात नाही, पण याच्याशिवाय एकही तार जागची हलत नाही. साउंडर, म्हणजे आलेले ठोके वाजवणारं यंत्र, त्याच्या मागे काकाजींनी खोबरेल तेलाचा रिकामा डबा लावला होता. त्यामुळे मोठं ऑफिस बोललं की आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा.

काकाजींची बोटं घरीही थांबत नसत. जेवताना भाकर हवी असली की ताटावर तीन आखूड ठोके. म्हणजे पुन्हा. पंचफुलाकाकू शाळेत गेलेली नव्हती, पण तिला हे सगळं येत होतं. ती चुलीपाशी बसून पळीनं दोन आखूड ठोके मारायची. म्हणजे मिळाली, ऐकलं. ते पोस्टातून घरी आले की ती बांगडीनं तांब्यावर एक लांब, दोन आखूड वाजवायची. म्हणजे, माझ्यासाठी काही आहे? मुलाचं, श्रीकांतचं, पत्र असलं तर ते खिशातून काढत, नसलं तर उंबऱ्यावर एकच लांब ठोका. नाही काही. गावात ही ताटा-तांब्यावरची भाषा येणारी चारच माणसं होती. ते दोघं, श्रीकांत आणि मी. मला कोणी शिकवली नाही. भिंत पातळ आहे.

खोट्या तारेतली खरी अडचणही काकूनंच काढली होती. श्रीकांत रायपूरच्या पुढच्या कारखान्यात लागला, त्याचा डबा भरता भरता ती म्हणाली, "आन म्या खरंच मरून राह्यली, तं हा पोट्टा गोटमारीचीच तार समजन नं?"

काकाजींचा घास हातात राहिला. गावभर त्यांनी एवढ्या आया पाडल्या, पण हे डोक्यात आलं नव्हतं. दोन दिवस गेले. मग त्यांनी नियम केला. तारेत ‘मदर’ आलं तर ती सुट्टीची. आणि खरंच काही झालं तर नातं न लिहिता माणसाचं नाव लिहायचं. गावातून जो पोरगा नोकरीवर निघेल, त्याला काकाजी खिडकीपाशी बोलावून सांगत, "मायचं नाव आलं की समजजो, हे खरं हाये. हातातलं काम तसंच टाकून निघजो."

नियम चांगला होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत नावाच्या तारा दोन-तीनच गेल्या असतील, आणि त्या गेल्या त्या दुकानदाराला नाहीतर शेतकऱ्याला. त्यातली एकही तार कुठल्या साहेबाच्या टेबलावरून गेली नव्हती, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

शहाऐंशीच्या श्रावणात काकू रघुनाथरावांच्या वावरात निंदायला, तण काढायला, जात होती. कापसाच्या जुन्या पऱ्हाटीचा खुंट तिच्या टाचेत घुसला. तिनं तो स्वतःच उपटला, वर हळद-चुना बांधला आणि संध्याकाळपर्यंत आपली ओळ पुरी केली. आठ-नऊ दिवसांनी ती आमच्या ओट्यावर आली तेव्हा दात न उघडता बोलत होती.

"जबडा धरला वं," ती म्हणाली. "वारं लागलं वाट्टे."

मी लगेच तिची नक्कल केली. दात आवळून, ओठ ताणून, "जबडा धयला वं." ओट्यावरच्या बाया हसून हसून आडव्या झाल्या. काकूही हसली. म्हणजे तिचा चेहरा हसल्यासारखा ताणला, आणि तसाच राहिला. मी म्हटलं, काकूला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी तिची मान मागे गेली.

सौंसरच्या दवाखान्यात तिला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. खिडकीला काळा कपडा लावला. धनुर्वात. नर्सबाईंनी आम्हाला दारातच सांगितलं, "आवाज नाही पायजे. भांडं पडलं तरी झटका येते. उजेड नाही, आवाज नाही, हात लावायचा तर हळू." काकाजी लोखंडी खाटेच्या पायथ्याशी बसले. थोड्या वेळानं त्यांची बोटं सवयीनं खाटेच्या दांडीवर चालायला लागली. तीनच ठोके झाले असतील. काकूची पाठ खाटेवरून उचलली गेली, कमान झाली, टाचा आणि डोकं एवढंच टेकलेलं राहिलं. तोंडातून हूं की चूं नाही, कारण तोंड उघडतच नव्हतं. ती खाली यायला किती वेळ लागला कोण जाणे. काकाजींनी उजव्या हाताला रुमाल गुंडाळला आणि गाठ दातांनी आवळली.

हा मंगळवार. पोळा पुढच्या गुरुवारी होता. श्रीकांतचं पत्र आधीच येऊन पडलं होतं, ‘बाबा, यंदा गोटमारीले येतो, तार मारजो.’

बुधवारी माझी आई पोस्टात निरोप द्यायला गेली, की सोमकुवर चार दिवस येणार नाहीत, बाई दवाखान्यात आहे, बरं दिसत नाही. भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. "मुलाला कळवलं का?" आई म्हणाली, माहीत नाही. मग भगवंतराव स्वतः मशीनवर बसले. त्यांचा हात मंद, एकेक अक्षर शोधून ठोकणारा. आमच्या ओट्यावर ऐकूनच मला कळलं की हे काकाजी नाहीत. पण त्यांनी तार पुरी केली, चुकीशिवाय, खात्याच्या नियमाप्रमाणे, नातं लिहून. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. चार शब्द.

गुरुवारी सकाळी काकाजी कपडे न्यायला गावात आले. मी दवाखान्यासाठी डबा घेऊन त्यांच्याबरोबर निघाले होते. पोस्टावरून जाताना भगवंतरावांनी त्यांना हाक मारली.

"सोमकुवर, तुम्ही मुळीच काळजी करू नका. मी काल तार केली मुलाला. तातडीची."

काकाजींनी तारेची प्रत हातात घेतली. ते वाचत होते की नुसते बघत होते, सांगता येत नाही. चार शब्द वाचायला कितीसा वेळ लागतो?

"चांगलं केलं, साहेब," ते म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? ही तार खोटी समजली जाईल असं सांगायचं, तर का समजली जाईल तेही सांगावं लागलं असतं. मग गेल्या सहा वर्षांतल्या सगळ्या माया एका रांगेत उभ्या राहिल्या असत्या. भगवंतरावांनी डोळ्यांत पाणी आणून विचारपूस केली होती त्या सगळ्या. आणि नवी तार करतो म्हणावं, तर भगवंतराव म्हणणार, अहो आताच तर केली.

तेवढ्यात भगवंतराव मागच्या बाजूला हात धुवायला गेले. काकाजी मशीनवर बसले. रुमाल सोडला. मोठ्या ऑफिसला विचारलं, कालची नंबर सात कुठं आहे? उत्तर आलं, पोचली, सही झाली. कारखान्याच्या ऑफिसात, काल संध्याकाळी.

आता श्रीकांत ती तार साहेबाला दाखवणार, हसत सुट्टी घेणार, मित्रांसाठी थांबणार, बाजार करणार, आणि पोळ्याला उगवणार. काकाजींना ते दिसत होतं. त्यांनी एका दमात ठोकलं, ‘नंबर सात, मदरच्या जागी पंचफुला वाचा.’

पलीकडून दोन आखूड ठोके. मिळाली.

"झालं," ते मला म्हणाले. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. "आता समजन त्याले. आज रातच्या गाडीत बसन. उद्या इथं."

मी विचारलं, "काकाजी, ‘मदर पंचफुला’ काऊन नाही लिहिलं?"

"चार शब्दाची तार हाये, बाई. एक काढला तं एक टाकता येते. पाच झाले तं तारेच्या डोक्यावरचा शब्दाचा आकडा बदलते. मंग दुरुस्ती नाही चालत, अख्खी तार नव्यानं करा लागते." हे सांगताना त्यांचा आवाज मास्तरासारखा झाला होता, मला अगदी नक्कल करण्याजोगा वाटला. त्यांच्या नोकरीत एकही तार आकडा चुकून गेली नव्हती.

शुक्रवारी दिवसभर ते दवाखान्याच्या खोलीत बसून राहिले. काकूला ऐकू येत होतं, दिसत होतं, कळत होतं. धनुर्वाताची हीच वाईट खोड, सगळं कळतं. फक्त तोंड बंद. काकाजींनी तिचा हात आपल्या तळहातावर ठेवला होता. थोड्या थोड्या वेळानं तिचं बोट हलायचं. आवाज नाही, नुसता दाब. एक लांब, दोन आखूड.

माझ्यासाठी काही आहे?

ते तिच्या तळव्यावर बोट टेकवून ठेवत. एक लांब. नाही काही.

सकाळच्या गाडीला श्रीकांत आला नाही. दुपारच्याही नाही. संध्याकाळी छोट्या लाइनीची गाडी आली, तिच्यातून लोधीखेड्याचे लोक उतरले, बाजार घेऊन. काकाजींनी मला तीनदा स्टेशनवर पाठवलं. मी परत आले की ते फक्त भुवई उचलत. मी मान हलवत असे.

शनिवारी सकाळी आमच्या पोस्टाचा तारवाटप करणारा भिवाजी पहिल्या बसनं सौंसरला आला. चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता, खोलीच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात काकाजींच्या नावाची तार होती. ती शुक्रवारी संध्याकाळी पोस्ट बंद होता होता आली होती. काकाजींनी ती दारातल्या उजेडाच्या पट्टीत धरून वाचली. मीही वाकून वाचली.

‘लीव्ह कॅन्सल. ऑफिसर आस्किंग हू पंचफुला. वायर रिलेशन. श्रीकांत.’

मागाहून सगळं कळलं ते असं. बुधवारच्या तारेवर श्रीकांतला लगेच सुट्टी मिळाली होती, शुक्रवार सकाळपासूनची. त्याला वाटलं बाबांनी पोळ्याची तार थोडी लवकर मारली. थांबण्याचा त्याचा विचारही नव्हता, बॅग भरून ठेवली होती. तो शुक्रवारी रात्री इथं असता, हसत असता, पण असता. गुरुवारी दुपारी दुरुस्तीचा कागद ऑफिसात गेला आणि पहिल्या तारेला टाचला गेला. साहेबांनी श्रीकांतला बोलावलं. त्या साहेबांचा आवाज श्रीकांत काढतो, मी त्याच्याकडून उचलला.

"कल मदर सीरियस थी. आज मदर कट गई, पंचफुला सीरियस है. ये पंचफुला कौन है?"

"साब, मेरी माँ है."

"तो काटा क्यों? मदर काट के फिर मदर कौन लिखता है? हर साल इसी महीने में तेरी माँ बीमार पड़ती है. इस साल घरवालों ने खुद सुधार के भेजा है, कि माँ नहीं है, कोई पंचफुला है. बाप से लिखवा के मँगा, फिर जा."

कारखान्याच्या कागदांत बापाचं नाव होतं. आईचं नाव कुठं लिहून घेतलेलं नव्हतं. श्रीकांत साहेबाच्या टेबलासमोर उभा होता, आई खरंच मरते आहे हे त्याला तिथंच कळलं होतं, आणि दाखवायला त्याच्याजवळ एकही कागद नव्हता. श्रीकांत अजून पक्का झाला नव्हता. पळून गेलो तर पुन्हा गेटात घेणार नाहीत. शुक्रवारी दुपारपर्यंत त्यानं तीन टेबलांवर डोकं आपटलं. मग तार केली.

काकाजींनी तार घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. ते काकूजवळ गेले, वाकले. तिचं बोट त्यांच्या तळव्यावर हललं. एक लांब, दोन आखूड.

माझ्यासाठी काही आहे?

खिशात पोराची तार होती. मी दारातून बघत होते. काकाजींनी बोट टेकवलं आणि टेकवून ठेवलं. एक लांब.

नाही काही.

मग माझ्या आईला म्हणाले, "वहिनी, बसजा जरा. आलोच." आणि तारघराकडे निघाले. सौंसरच्या तारघरातला बाबू त्यांना चेहऱ्यानं ओळखत नव्हता, पण त्यांनी दोन ठोके मारताच उठून उभा राहिला आणि खुर्ची दिली. एवढी वर्षं तो त्यांचा हात लाइनीवर ऐकत आला होता. काकाजींनी या वेळी अख्खी तार नव्यानं केली. ‘पंचफुला मदर सीरियस सेंड श्रीकांत’. पाच शब्द. आकडा पाच.

तार गेली. परत यायला हवं होतं. पण काकाजी पोच आल्याशिवाय खुर्चीवरून उठत नसत, कधीच नाही. ते बसून राहिले. विचारत राहिले. कुठं आहे? मोठ्या ऑफिसातून गेली. कुठं आहे? पुढे गेली. कुठं आहे? थांब. कुठं आहे? थांब. तास-सव्वा तासानं दोन आखूड ठोके आले. पोचली, सही झाली.

त्या तासात खोलीत आई होती आणि मी होते. काकूच्या हातात आता काकाजींचा हात नव्हता, तर तिचं बोट आईच्या तळव्यावर चालायला लागलं.

"काय म्हनते वं हे?" आईनं मला कुजबुजून विचारलं.

"विचारून राह्यली, माह्यासाठी काही आलं का."

आईला ठोक्यांचं काही येत नव्हतं. ती वाकली आणि काकूच्या कानाशी म्हणाली, "आलं वं, पंचफुला. येऊन राह्यला पोट्टा. गाडीत बसला." काकूला ते ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही. बाहेर रस्त्यानं कोणीतरी पोळ्यासाठी घेतलेल्या नव्या घुंगरमाळा खांद्यावर टाकून चाललं होतं. एवढंच. एवढासाच आवाज. तिची पाठ उचलली गेली, या वेळी खूप वर, आणि श्वास आत राहिला तो बाहेर आला नाही. नर्सबाई धावत आल्या तोवर कमान उतरली होती.

काकाजी दारात आले ते मला खूण करत, बोटानं हवेत दोन आखूड ठोके मारत. पोचली.

श्रीकांत रविवारी दुपारी आला. सकाळी माती झाली होती. तिसऱ्या तारेवर साहेबांनी दहा मिनिटांत सही केली होती. आठ दिवसांची पक्की सुट्टी. तीत गोटमार आपोआपच आली.

लोक येत होते, जय भीम करून भिंतीला टेकत होते. श्रीकांत बापासमोर बसला. त्यानं खिशातून तिन्ही कागद काढले आणि जमिनीवर ओळीनं मांडले.

"बाबा, हे दुसरी तुमीच केली?"

"हो."

"एक शब्द वाढवाचा होता नं, बाबा. फक्त एक. ‘मदर’ राहू द्याचं होतं आन पुढं नाव."

"आकडा जुळला नसता," काकाजी म्हणाले.

 माझी आई पदर तोंडाला लावून आत गेली.

"मायनं विचारलं काय, माह्याबद्दल?"

"दिवसभर विचारे. काही आलं काय म्हणून."

"आन तुमी?"

"नाही म्हनलं."

"माह्यी तार तं आली होती नं शनिवारी? तुमच्या हातात होती नं?"

"थे माह्या नावाची होती, बापू. तिच्या नावाची नोती." काकाजींनी हात पालथा केला, पुन्हा सरळ केला. "एवढ्या गावाले खोट्या मारल्या म्या. तिले एक माराले हात नाही उचलला."

गोटमारीच्या दिवशी सगळं गाव पांढुर्ण्याला गेलं. श्रीकांत घरात बसून होता. दुपारी वारा तिकडून आला की कल्ला ऐकू यायचा. तो सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच परत गेला.

मला वाटलं होतं काकाजी आता खोट्या तारा बंद करतील. गावालाही वाटलं होतं. म्हणून या वर्षी पोळा जवळ आला तरी खिडकीपाशी कोणी फिरकेना. शेवटी पुंडलिकरावच आले, टोपी हातात घेऊन, आवाज खाली.

"बाबूजी, राग नका धरजा. पोट्ट्यानं लिहलं हाये. तुमाले नसन मारायची तं राहू द्या."

"माय कुठं हाये?"

"घरी हाये. काऊन?"

"घेऊन या."

पुंडलिकरावांना काही समजलं नाही, पण गेले आणि बायकोला घेऊन आले. तिचे हात शेणानं भरलेले, गोवऱ्या थापता थापता उठलेली, वाटभर नवऱ्याला बोलत आलेली. काकाजी खिडकीतून उठले, दार उघडून बाहेर आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. नुसतं बघत राहिले. कपाळ, डोळे, जबडा, मान. तिला लाज वाटली. तिनं कोपरानंच पदर सावरला.

"काय पायता, बाबूजी?"

"बोला काही."

"काय बोलू? या मेल्यानं काम सोडून आनलं मले!"

"तोंड बराबर उघडते नं?"

"माह्यं?" पुंडलिकरावांची बायको म्हणाली. "इचारा यायले!"

पुंडलिकराव हसले. काकाजी नाही हसले. आत गेले, खुर्चीवर बसले, फॉर्म ओढला. मदर सीरियस कम सून. ठोकून झाल्यावर हात मशीनवर ठेवून पोच यायची वाट बघत बसले. खिडकीबाहेर बाई अजून नवऱ्याला बोलतच होती आणि काकाजी एक कान तिकडे देऊन होते.

त्या आठवड्यात सोळा माया पोस्टापुढे रांगेत उभ्या राहिल्या. काकाजींनी एकेकीला बाहेर येऊन पाहिलं, बोलतं केलं, मगच तार मारली. आतून भगवंतराव म्हणाले, "सोमकुवर, या सगळ्या आजारी?"

"हो, साहेब," काकाजी म्हणाले. "पाहून घेतल्या."